गावाने चालवायची सुट्टीची गाडी : आधी रूळ, मग ब्रेक, इंजिन सगळ्यात शेवटी

शकुंतला म्हणजे विदर्भातली, आता बंद असलेली नॅरोगेज (अरुंद रुळांची) गाडी. तिचा विषय निघाला की दोन मागण्या कानावर येतात. एक, ब्रॉडगेज (रुंद रूळ) करा. दुसरी, निदान एखादा तुकडा जुन्या रूपात ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी पोरासोरांना त्यावरून फिरवून आणा. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत. मूर्तिजापूर–यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर–अचलपूर ७६. सुट्टीच्या गाडीला त्यातले अडीच किलोमीटर पुष्कळ झाले. एका टोकाला स्टेशन, मध्ये एखाद्या नाल्यावरचा पूल आणि दुसऱ्या टोकाला उतरून बसायला सावली, एवढं असलं की काम भागतं.

गावकऱ्यांनी रेल्वे चालवणं ही हवेतली कल्पना नाही. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवक चालवतात. बंद पडू घातलेली गाडी लोकांनी हातात घेतल्याचं ते जगातलं पहिलं उदाहरण. आपल्याला त्याहून जवळची आहे तिथलीच वेल्शपूल–लॅनफेअर लाइन, कारण तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, शकुंतलेइतकाच आहे : २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ती १९५६ मध्ये बंद झाली आणि १९६३ मध्ये स्वयंसेवकांनी पुन्हा सुरू केली. तिकडे अशा गाड्यांना नाताळच्या खास फेऱ्यांचा मोठा आधार असतो. आपल्याकडे ती जागा दिवाळीची सुट्टी, संक्रांत आणि हुरडा घेतील.

पुढचं सगळं अडीच किलोमीटर लाइन, एक इंजिन, दोन डबे आणि ताशी १० किलोमीटर वेग धरून लिहिलं आहे. वेग यापेक्षा वाढवायचा मोह झाला तर ब्रेकचा भाग दोनदा वाचा.

कागद

गाड्या बंद आहेत म्हणून जमीन मोकळी झालेली नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून नुसती बाभळीची झुडपं तोडायला जायचं असलं तरी आधी लेखी पत्र हवं. प्रवासी बसवून गाडी चालवायची तर रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी चुकत नाही.

अर्ज व्यक्तीच्या नावाने करू नका. किमान सात जण मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवा, धर्मादाय कार्यालयात न्यासाची नोंद करा आणि मग संस्थेच्या लेटरहेडवर लिहा. ‘वारसा’, ‘अस्मिता’ हे शब्द अर्जात एकदाच आले तरी चालतील. त्यापेक्षा कोणत्या किलोमीटरच्या दगडापासून कोणत्या दगडापर्यंत, वर्षाचे कोणते दिवस, किती वेग, विमा कोणाचा, अपघात झाला तर जबाबदार कोण, हे स्पष्ट लिहा. अधिकाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. प्रवाशांसाठीचा सार्वजनिक दायित्व विमा आणि स्वयंसेवकांचा गट अपघात विमा हे दोन वेगळे असतात. दोन्ही लागतात.

रूळ : सगळा पैसा आधी इथे

बहुतेक मंडळी आधी इंजिन शोधायला निघतात. फोटो इंजिनाचा निघतो, वर्गणीही इंजिनाच्या नावाने जमते. पण गाडी घसरते ती रुळामुळे, त्यामुळे पहिली दोन वर्षं हातात पहार आणि गेजपट्टीच असली पाहिजे.

सुरुवात पायी मोजणीने करा. सरळ भागात दर ५ मीटरला आणि वळणावर दर ३ मीटरला गेज आणि दोन्ही रुळांची पातळी मोजून वहीत उतरवायची. ७६२ च्या खाली ३ मिलिमीटरपर्यंत आणि वर १० मिलिमीटरपर्यंत आकडा असेल तर चालेल. १० ते २० मध्ये असेल तर दुरुस्तीच्या यादीत टाका. २० च्या वर गेला की तो तुकडा दुरुस्त होईपर्यंत त्यावर काहीही चालवायचं नाही, ट्रॉलीसुद्धा नाही. नुसत्या गेजवर मात्र विसंबू नका. ३ मीटरच्या अंतरात दोन रुळांमधला उंचीचा फरक १० मिलिमीटरहून जास्त बदलत असेल, तर तिथे रूळ पिळलेला आहे. डब्याचं एक चाक तिथे हलकं पडतं आणि रुळावर चढतं. हळू चालणाऱ्या गाड्या घसरतात त्या बऱ्याचदा या पिळामुळे, आणि हा दोष डोळ्यांना दिसत नाही.

आता स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके किंवा लोखंडी पट्ट्या. दर ७५ सेंटिमीटरला एक धरला तर अडीच किलोमीटरला ३,३३३ स्लीपर होतात. सगळे बदलायला पैसा पुरणार नाही, गरजही नसते. लाकडी स्लीपरवर हातोडा मारा : टणक आवाज आला तर ठेवा, भद्द आला तर पोटात वाळवी किंवा कूज आहे. लोखंडी असेल तर रुळाच्या बैठकीखाली गंजून पातळ झालाय का ते पाहा. नियम साधा आहे. रुळाच्या सांध्याखाली एकही खराब स्लीपर चालणार नाही, आणि इतर ठिकाणी लागोपाठ दोन खराब नकोत. खिळा सैल झालेल्या जुन्या भोकात पुन्हा तसाच ठोकणं म्हणजे फुकटची मेहनत. आधी डांबरात बुडवलेली सागाची खुंटी ठोकून भोक भरा, मग खिळा मारा. वळणाच्या बाहेरच्या रुळाला बाहेरून एक खिळा जास्तीचा द्या, गेज फुगतो तो तिथेच.

फिशप्लेटकडे, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांकडे, नीट वेळ द्या. ९ मीटरचे रूळ धरले तर अडीच किलोमीटरला दोन्ही बाजूंचे मिळून साधारण ५५५ सांधे होतात, प्रत्येकाला चार बोल्ट. प्रत्येक सांधा एकदा पूर्ण उघडायचा. तारेच्या ब्रशने गंज काढा, मग रुळाच्या टोकाला बोल्टच्या भोकांभोवती रॉकेल लावा. दहा मिनिटांनी कोरड्या चिंधीने पुसून वर खडूची बारीक पूड भुरभुरा. केसाएवढी जरी तडा असेल तरी आत शिरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्या पुडीत काळसर रेघ उमटते. ती बहुधा भोकापासून तिरकी जाते. असा रूळ बाजूला काढा; वेल्डिंग मारून पुन्हा वापरू नका. चांगल्या सांध्याला ग्रॅफाइट ग्रीस लावून बोल्ट कसा, पण पान्याला पाइप लावून जोर देऊ नका. सांध्याला सरकायला वाव हवा असतो.

हा वाव किती, याचा हिशोब विदर्भात फार महत्त्वाचा आहे. थंडीच्या पहाटे रूळ १० अंशांच्या आसपास असतो, मेच्या दुपारी ६० च्या वर जातो. ५५ अंशांच्या फरकाने ९ मीटरचा रूळ साधारण ५.७ मिलिमीटर वाढतो. म्हणून थंड सकाळी सांधा जुळवताना मध्ये ६ मिलिमीटरची पट्टी ठेवायची. रूळ ४० अंशांना असेल तर ३ मिलिमीटरची पुरते. फट ठेवली नाही किंवा ग्रीस सुकून सांधा आखडला, तर उन्हाळ्यात रूळ जागा सापडेल तिकडे, म्हणजे आडवा वाकतो. सांधे उघडण्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. दिवसाला १५ सांधे धरले तर ३७ दिवस लागतात, म्हणजे एका हिवाळ्याचे सगळे शनिवार-रविवार गेले, वर दोन-तीन दिवस. कपाशीची वेचणी नेमकी याच दिवसांत असते, तेव्हा माणसांचा अंदाज आकड्यावर नको, ज्यांनी तोंडावर हो म्हटलंय त्यांच्यावर करा.

मग काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, आणि दोन्ही वेळा वरचा रूळ हलवते. खडीतून वर येणारा काळा चिखल दिसला की वरून आणखी खडी टाकणारे पुष्कळ असतात. ती खडी पुढच्या पावसात मातीत बुडते आणि पैसे वाया जातात. तेवढा तुकडा उकरून ३० सेंटिमीटर काळी माती काढा, दोन थरांत कडक मुरूम दाबून भरा, त्यावर २० सेंटिमीटर खडी द्या. खडी ४० ते ५० मिलिमीटरची, कोनदार. नदीतले गोल गोटे नकोत, ते एकमेकांत अडकत नाहीत. २.२ मीटर रुंदीला १०० मीटर लांबीत ४४ घनमीटर, म्हणजे सुमारे १६ ब्रास खडी लागते. जुनी खडी चाळून घेतली तर यात चांगली बचत होते. दोन्ही बाजूंनी ६० सेंटिमीटर खोल नाली नाल्यापर्यंत उतार देऊन काढा. शेजारच्या वावराच्या धुऱ्याचं पाणी लाइनवर येत असेल तर त्या शेतकऱ्याशी उन्हाळ्यातच बोला. पेरणी झाल्यावर कुणी कुदळ लावू देत नाही.

ब्रेक

ब्रेक फक्त इंजिनाला असून भागत नाही, प्रत्येक डब्याला हवा, आणि गाडी तुटून दोन तुकडे झाले तरी दोन्ही तुकडे आपोआप थांबले पाहिजेत. जुन्या नॅरोगेज डब्यांवरचा व्हॅक्यूम ब्रेक हे काम करतो : नळीत निर्वात असतो तोवर ब्रेक मोकळे, नळी सुटली की लागले. उन्हाने नळीचं रबर आणि वॉशर तडकतात, म्हणून दर मोसमाच्या सुरुवातीला सगळे वॉशर नवे घाला. इंजिनातला आणि शेवटच्या डब्यातला व्हॅक्यूम काटा यांत ५ सेंटिमीटरहून (पाऱ्याच्या) जास्त फरक दिसला, तर कुठेतरी गळती आहे. सांध्यांना साबणाचं पाणी लावून ती सापडत नाही, कारण हवा आत ओढली जाते, फुगा येत नाही. पेटलेली उदबत्ती सांध्याजवळून फिरवा. धूर आत ओढला गेला की जागा सापडली.

वेगाचं गणित पाठच करून ठेवा. साधा ब्रेक आणि चालकाला भानावर यायला दोन सेकंद धरले, तर ताशी १० किलोमीटरला गाडी साधारण १९ मीटरमध्ये थांबते. २० किलोमीटरला ६० मीटरच्या वर जाते. वेग दुप्पट, अंतर तिपटीहून जास्त.

दुसऱ्या टोकाला इंजिन फिरवून पुढे आणायला जोडलाइन नसेल, तर परतीला इंजिन मागून ढकलतं. तसं असेल तर पुढच्या डब्यात ब्रेकचा हँडल हातात घेऊन गार्ड उभा पाहिजे, आणि वेग निम्मा.

पांदण आणि बैलबंडी

अडीच किलोमीटरमध्ये दोन-तीन पांदण रस्ते लाइन ओलांडणारच. जुना पिवळा ‘सी/फा’ (सीटी/फाटक) फलक असेल तर रंगवून ठेवा, पण नुसत्या शिट्टीवर विसंबू नका. वर्षानुवर्षं गाडी न आलेल्या रुळावर बैलबंडीवाला मान वळवून पाहत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. बंडीला रूळ ओलांडायला साधारण १२ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी १० ची गाडी ३३ मीटर पुढे येते. म्हणून दोन्ही बाजूंना ५० मीटर दिसलंच पाहिजे. दिवाळी-संक्रांतीच्या दिवसांत तूर डोक्याच्या वर गेलेली असते, पऱ्हाटी कमरेएवढी, त्यामुळे ऐन गर्दीच्या मोसमात दिसणं सगळ्यात कमी. तिथे लाल आणि हिरवी झेंडी घेऊन दोन माणसं, गाडीच्या दहा मिनिटं आधी. माणसं कमी पडली तर गाडी पांदणीच्या आधी पूर्ण थांबवा, गार्डने उतरून रस्ता अडवावा, मग पुढे.

लाइनवर एका वेळी एकच गाडी, आणि ते पाळायला एकच टोकन : लाकडी दांडा, लाल रंगाचा, त्यावर लाइनचं नाव. दांडा चालकाच्या हातात नसेल तर चाक हलणार नाही. खडी टाकणारी गँग किंवा ट्रॉली लाइनवर असेल तर दांडा त्यांच्याकडे. दुसरा दांडा बनवून ठेवू नये, ‘सोयीसाठी’ म्हणूनही नाही.

इंजिन आणि पाणी

सुरुवात हाताने ढकलायच्या पुश ट्रॉलीने, मग शंटर, म्हणजे डबे हलवायचं लहान डिझेल इंजिन. वाफ नंतर. शकुंतलेवर वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. लोकांना आठवण वाफेचीच असते, हे खरं. पण वाफेचं इंजिन थंड असताना पेटवलं तर चार-पाच तास हळूहळू तापवावं लागतं. घाई केली की फायरबॉक्सचे (भट्टीचे) स्टे, म्हणजे तिच्या भिंती धरून ठेवणारे दांडे, ताणले जाऊन गळू लागतात. आणि मूर्तिजापूर–अचलपूर भागात पाणीच मोठी अडचण आहे. दर्यापूर–अंजनगावकडचा पट्टा खारपाणपट्टा. बोअरचं खारं पाणी बॉयलरमध्ये फेसाळतं, वाफेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि एका फेरीत सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घ्या. ५०० च्या वरचं पाणी टाकीत भरू नका. त्यापेक्षा स्टेशनच्या छपराचं पावसाचं पाणी साठवा : २०० चौरस मीटर छप्पर, ७०० मिलिमीटर पाऊस, वीस टक्के वाया गेलं असं धरलं तरी १ लाख १२ हजार लिटर होतं.

वाफ असली तरी दिवाळीत ती नको. सोयाबीनच्या गंज्या आणि कुटार वावरात पडलेलं असतं, कापूस घराच्या पडवीत असतो. एक ठिणगी पुरते. धुराड्यावर जाळी बसवली तरी धोका कमी होतो, जात नाही.

कोणत्या सुट्ट्या, किती फेऱ्या

दिवाळीनंतरचे दहा दिवस आणि जानेवारीतले रविवार हा खरा मोसम. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं गाडीत, ही कल्पना सगळ्यांना सुचते आणि ती आहेही छान. पण तो दिवस ऐन पावसात, काळी माती फुगलेली. पहिली तीन वर्षं तरी त्या वाटेला जाऊ नका. स्टेशनवर साधा पर्जन्यमापक ठेवा आणि २४ तासांत ५० मिलिमीटर पाऊस झाला की लाइन पायी तपासल्याशिवाय गाडी नाही. उन्हाळ्यात फेऱ्या सकाळी साडेसहा आणि पावणेआठला, नाही तर संध्याकाळी साडेपाचनंतर. भर दुपारी पत्र्याच्या डब्यात लेकरं बसवणं हा निव्वळ अविचार.

जायला १५ मिनिटं, तिकडे २० थांबा, यायला १५, चढ-उतार १५. उशीर धरून फेरी ७० मिनिटांची. ९:००, १०:१०, ११:२०, मग जेवण, २:३० आणि ३:४०. शेवटची गाडी पाचच्या आत उभी राहते आणि अंधाराचा प्रश्न येत नाही. दोन डब्यांत ५६ जागा असतील तर तिकिटं ५० विका. आजी आणि कडेवरचं पोर हिशोबात येत नाही, पण जागा अडवतं.

प्रत्येक फेरीला तिकिटाचा रंग वेगळा. दुसऱ्या टोकाला उतरलेली माणसं हुरड्यात रमतात आणि पुढच्या फेरीने येऊ म्हणतात. मग ५० जणांच्या गाडीत ७० जण चढतात. रंग पाहून गार्ड लगेच ओळखतो. निघताना आणि परत निघताना डोकी मोजा.

खाण्याचं दुसऱ्या टोकालाच ठेवा. जानेवारीत हुरडा, नाही तर रोडगे आणि वांग्याची भाजी. गावातल्या महिला बचत गटाला दिलं तर पैसाही गावात राहतो. गोवऱ्यांची आगटी रुळापासून ३० मीटर लांब, आजूबाजूचं वाळलं गवत आधी कापलेलं, जवळ पाण्याचे दोन ड्रम. संत्र्याच्या साली प्लॅटफॉर्मवर पडू देऊ नका, पाय सटकतात.

दिवसाचा क्रम

एका दिवसाला १५ माणसं धरा : चालक, सहायक, गार्ड, दोन पांदणींवर चार, तिकिटाला दोन, प्लॅटफॉर्मवर तीन, प्रथमोपचाराला एक, लाइन तपासायला दोन. पहाटे सहाला लाइन तपासणारे दोघं पान्या-हातोड्यासह पायी निघतात : एक जण एका रुळाकडे पाहत, दुसरा दुसऱ्याकडे. सैल बोल्ट, सरकलेली खडी, रुळावर ठेवलेला दगड. दगड असतोच, पोरं पैसे चेपायला नाणीही ठेवतात. पुलाखाली उतरून भिंतीच्या तडा पाहायच्या. परत आल्यावर वहीत सही, मगच टोकन बाहेर.

साडेसातला इंजिन सुरू, डबे जोडून ब्रेकची चाचणी : शेवटच्या डब्याचा गार्ड हँडल उघडतो, प्रत्येक चाकाला ब्रेकचा गुटका लागला का ते सहायक चालत जाऊन हाताने हलवून पाहतो. डब्यात बसून पाहत नाही. साडेआठला रिकामी फेरी, पांदणवाले आपापल्या जागी आहेत का ते बघत. एखादा नसेल तर नऊची गाडी निघत नाही, प्लॅटफॉर्मवर कितीही गर्दी असो. अशा वेळी आमदारांचे पाहुणे आलेले असले तरी उत्तर तेच, आणि ते गार्डनेच द्यायचं. अध्यक्षांनी मध्ये पडू नये.

संध्याकाळी इंजिनाचा हातब्रेक आवळा आणि दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी लावा. डब्यांना वेगळ्या पाचरी हव्यातच : व्हॅक्यूम ब्रेक रात्रभरात गळून मोकळा होतो आणि उतार असेल तर डबे आपले आपण चालू लागतात. रंगवार तिकिटं आणि गल्ला जुळवा. डिझेल मोजून भरा आणि लिटर लिहा, म्हणजे फेरीचा खर्च अंदाजाने सांगायची वेळ येत नाही. चालक, गार्ड आणि पांदणवाले यांनी दिवसभरात जे जे खटकलं ते दोषवहीत स्वतःच्या हाताने लिहायचं, किलोमीटर आणि जागेसह. पुढच्या शनिवारी त्यातल्या प्रत्येक नोंदीसमोर काय केलं ते लिहून सही झाल्याशिवाय इंजिनाची किल्ली कोणाला द्यायची नाही.